दहात सात म्हणणारी आक्का

आक्के, देवऋषीण करून टाकलं गं तुला या लोकांनी. तुझ्या दहाव्याला धरणाच्या काठी मांडव घातला होता, माईक लावला होता, आणि कावळा पिंडाला शिवेपर्यंत करायचं काय म्हणून एकेक जण उठून तुझ्यावर बोलत होता. आपल्याकडं हल्ली असंच असतं, कावळा लांबला की भाषणं लांबतात. ज्यांनी तुला हयातीत धड रामराम घातला नाही ते माईक धरून गळा काढत होते. बॅनरवर तुझा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्या भावी सदस्याचा ताटाएवढा. सगळ्यात शेवटी उठला सर्जा. वरच्या आळीचा सर्जा, ज्याचं भाताचं खाचर आपल्या बांधाला लागून आहे तो. त्यानं डोळे पुसले, माईकवर दोनदा फुंकर मारली आणि म्हणाला, "आक्कांनी सांगावं उघडीप किती टिकंल, आन् आमी कापणीला हात घालावा. आक्कांचा शबुद आयुष्यात कदी खाली पडला न्हाई."

मी, तुझा धाकटा भाऊ, डोकं भादरून, ओल्या पंचानं उभा. बोटात दर्भ अडकवलेला, समोर भटजी, म्हणून गप्प बसलो. नाहीतर माईकच हिसकावून घेतला असता. शब्द खाली पडला नाही म्हणे! सगळ्यात जोरात पडला तो याच्याच खाचरात पडला होता की. तेव्हा बोंब मारत तुझ्या ओट्यावर आलेला हाच गडी. पण माणूस मेलं की त्याच्याबद्दल खरं बोलायचं नाही, अशी एक घाणेरडी खोड आहे गावाला. तेवढ्यात कावळा शिवला. सर्जाला वाटलं आपल्या भाषणानं शिवला. वाटू दे बापडा. कावळ्याला भातावरचं दही दिसलं होतं.

तू कधी जन्मलीस, कुठल्या शाळेत किती वर्षं गणित शिकवलंस, लग्न का केलं नाहीस, ते सगळं बॅनरवर आणि लोकांच्या तोंडात आहे. मला त्यात पडायचं नाही. बॅनरवर तुला 'निसर्गाची भाषा जाणणारी माउली' असं छापलंय. तू ते वाचलं असतंस तर लाल पेन काढून तिथंच फुली मारली असतीस. तुला कसली आलीय निसर्गाची भाषा? तुला चिमणीच्या आणि मुनियेच्या घरट्यातला फरक कळत नव्हता. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या काय, कावळ्यानं कुठल्या फांदीवर घर केलं काय, तुला त्याचं सोयरसुतक नव्हतं. एकदा शेजारची म्हातारी म्हणाली, "आक्का, आज बेडूक लई वरडत्यात, पाऊस येनार." तू म्हणालीस, "ते कालही ओरडत होते, काल आला का?" म्हातारी महिनाभर तुझ्या दारात आली नाही.

तुझे आपले चार डबे. चहापत्तीचे, पत्र्याचे, झाकणं वाकडी झालेले. घट उठले की ते तू ओट्यावर मांडायचीस आणि गावातली शेवटची झोडणी झाली की माळ्यावर टाकायचीस. काल कोरडा होता आणि आज पण कोरडा गेला, तर एक चिंचोका पहिल्या डब्यात. काल कोरडा आणि आज भिजवलं, तर दुसऱ्यात. काल ओला आणि आजही ओला, तिसऱ्यात. काल ओला पण आज उघडलं, चौथ्यात. झालं तुझं शास्त्र. रोज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी चिंचोका टाकायचीस, आणि वर्षानुवर्षं ते चिंचोके साठत गेले. पहिला डबा तर दोनदा बदलावा लागला, कारण दिवाळीच्या तोंडाला कोरड्यावर कोरडाच जास्त येतो. हे सांगायला डबे कशाला पाहिजेत, असं मी तुला पहिल्याच वर्षी विचारलं होतं. तू म्हणालीस, "जास्त म्हणजे किती, ते सांग." मी म्हणालो, "जास्त म्हणजे जास्त." तू माझ्याकडं असं बघितलंस की मी परत चौथीत जाऊन बसलो.

मग तू मला ओट्यावर बसवून शंभर चिंचोके मांडायला लावलेस. भात कापलं की ते खाचरात पसरून तीन दिवस वाळायला पाहिजे, मगच पेंढ्या बांधून खळ्यावर न्यायचं. तीन दिवसांत सर आली की वाट लागली. तू म्हणालीस, "कोरड्या दिवसानंतर कोरडा दिवस दहात नऊ वेळा येतो, हे डबे सांगतात. आता हे शंभर दिवस समज. पहिल्या दिवसाचे दहा काढ." काढले. "राहिले नव्वद. त्यातला दहावा भाग काढ." नऊ काढले. "एक्याऐंशीतले आठ काढ. किती उरले?"

"त्र्याहत्तर."

"म्हणजे तीन दिवस सलग उघडीप टिकायची शक्यता दहात सात. वरचे तीन तुला चणे म्हणून दिले."

मी म्हणालो, "रोजचा भरवसा नऊ आन् तीन दिसांचा सात? मदले दोन काय उंदरानं खाल्ले?" तू कपाळावर हात मारून घेतलास. मी काही खोटं बोललो नव्हतो, आक्के. मी जन्मभर एसटीत कंडक्टर. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. वेल्ह्याच्या घाटात मी डायव्हरला दहात सात घंट्या मारल्या असत्या तर गाडी दरीत गेली असती. बाई, तू म्हण कापा, नाहीतर म्हण कापू नका. मधलं हे काय लावलंय? किती वर्षं भांडलो आपण यावरून! तू म्हणायचीस, "कापायचं का नाही हे ठरवणं तुझं काम. किती धोका आहे ते सांगणं माझं. दोन्ही कामं माझ्यावर टाकायची आणि बुडालं की मला धरायचं, हे जमणार नाही." आणि मी म्हणायचो, मग उपयोग काय तुझा? आणि तू म्हणायचीस, "उपयोग पाहिजे त्यानं सायकलला हवा मारावी."

असलं बोलणं गावात कोण ऐकून घेणार?

आणि गावाचं घोडं अडायचं ते सावडीपाशी. आपली सहा घरं. आज तुझं कापायला सगळे, उद्या माझं कापायला सगळे. नंबर ठरलेला. आपल्या नंबराला 'आज नको, आभाळ बरं दिसत नाही' म्हटलं तर नंबर गेला, थेट शेवटी. तोवर अर्ध्या पोरांच्या कंपनीतल्या रजा संपून ती शिरवळला निघून जातात आणि उभं भात झडत बसतं. त्यामुळं आपल्याकडं पावसाला भिऊन थांबणंही फुकट नसतं. म्हणून तर झक मारत सगळे तुझ्या ओट्याकडं यायचे. मोबाईल काय सांगतो? 'तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम सरी.' तुरळक म्हणजे कुठं रं बाबा? राजगडावर का भाटघरच्या भिंतीवर? हलक्या ते मध्यम म्हणजे माझी पेंढी भिजणार का तरंगणार? त्याच्यापेक्षा तुझे डबे बरे होते, हे मी तेव्हाही म्हणत होतो. तुला सोडून सगळ्यांना म्हणत होतो.

तर सर्जाचं ते वर्ष. पहिला नंबर त्याचा. सगळे ओट्यावर जमलेले, विळे कमरेला. तू पहिल्या दोन डब्यांत बघितलंस आणि सांगितलंस, "दहात सात." सर्जा म्हणाला, "चला रं, आक्का म्हंत्यात टिकनार." तू मागून हाक मारलीस, "सर्जा, मी तसं म्हटलेलं नाही!" पण ऐकतंय कोण? मंडळी बांधाला पोचली होती. शिकवून शिकवून घसा बसलेल्या मास्तरणीचा आवाज तो, जाणार किती लांब? इंद्रायणी कापली, पसरली. दोन दिवस रणरणतं ऊन. तिसऱ्या दिवशी दुपारी नसरापूरकडून आभाळ काळं होत आलं. आषाढाचा पाऊस घाटमाथ्यावरून सांगून सवरून येतो, हा दिवाळीचा मेला मागच्या दारानं येतो. आणि नुसता आला नाही, मुक्कामच टाकला. खाचरात घोट्याएवढं पाणी आणि वर सर्जाचं भात. उघडलं तेव्हा लोंब्यांना मोड आलेले.

सर्जा ते मोडाचं भात भारा बांधून घेऊन आला आणि तुझ्या ओट्यावर आपटलं. सगळं गाव मागं, तमाशाला. "ह्ये बगा मास्तरीणबाई! तुमी सांगितलं म्हनून कापलं म्या!"

तू आतून हात पुसत आलीस. वाकून एक लोंबी उचललीस, मोड नीट बघितलेस. मला वाटलं आता तू काहीतरी दोन शब्द धीराचे बोलशील. तू म्हणालीस, "तीन आले, सर्जा."

"काय आलं?"

"सात म्हणाले होते ना मी? मग उरलेले तीन कुठं जातील? ते आले."

आणि मग, आक्के, एवढ्या लोकांसमोर तू वळलीस, चिंचोक्यांच्या वाटीत हात घातलास आणि दुसऱ्या डब्यात एक टाकलास. कोरड्यावर ओला. पावसाच्या गडबडीत त्या दिवशीचा टाकायचा राहून गेला होता. टण्ण वाजला तो पत्र्यावर. बायाबापड्यांच्या तोंडाला पदर गेले. "बाईला काई लाजबिज हाय का न्हाई" असं कुणीतरी म्हणालं आणि सर्जा तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत निघून गेला. त्या सात पिढ्यांत मीही आलो.

मी तुझ्याशी तेव्हा कडाकडा भांडलो. गोड बोलायला काय जीव जात होता का तुझा? एवढं नुकसान झालेला माणूस दारात आलाय, त्याला 'वाईट झालं रे' म्हणायला पैसे पडतात? तू शांतपणे भाऱ्यातल्या बऱ्या लोंब्या निवडत बसली होतीस, कोंबड्यांना होतील म्हणून. म्हणालीस, "वाईट झालं हे त्याला माहितीय. ते सांगायला मी कशाला पाहिजे? आणि नाम्या, मी आज माफी मागितली, तर पुढच्या वर्षी हे लोक सातला दहा समजणार. आजच तर शिकायची वेळ होती." मी म्हणालो, "शिकले का मग?" तू खाली बघून लोंब्या निवडत राहिलीस. ते भांडण तिथंच राहिलंय. मला अजून वाटतं, तू गणितात बरोबर होतीस आणि माणसात चुकलीस. हे तुला तोंडावर सांगायचं होतं, दर वर्षी सांगणार होतो, आणि दर वर्षी तू त्याच्या आधीच दुसरं काहीतरी टोचून बोलायचीस आणि मी ते निस्तरत बसायचो.

त्यानंतर तुझ्या ओट्यावर कुणी आलं नाही. पण हलकट तरी किती असावं माणसानं! दर कापणीला एकेक जण मला पारापाशी गाठायचा, इकडं तिकडं बघायचा आणि हळूच विचारायचा, "तुजी आक्का काय म्हंती रं औंदा?" दारूच्या दुकानात जाताना माणूस बघतो ना मागंपुढं, तसं. सर्जासुद्धा. सर्जा तर आधी. मी सांगायचो, दहात सात म्हणते, दहात पाच म्हणते, एका वर्षी आदल्या दिवशी भिजवलं होतं तेव्हा तर दहात दोनच म्हणाली आणि सगळे निमूट थांबले. तेव्हा वाचलेलं भात कुणी तुझ्या ओट्यावर आणून ओतलं नाही. बाकीची सगळी खळी कोरडी झाली, चांगल्या पोत्यांनी घरं भरली, ते सगळं त्यांच्या हुशारीवर गेलं. तुझ्या वाट्याला आला तो एक मोडाचा भारा. मला याचा संताप यायचा. तुला यायचा नाही. तू म्हणायचीस, "मुलगा पास झाला की घराण्याचं नाव, नापास झाला की बाईंनी नीट शिकवलं नाही. जन्मभर हेच ऐकलंय मी."

आणि आता तीच माणसं म्हणतात की तू कधी चुकली नाहीस. आक्के, खरं सांगू? त्या मोडाच्या भाऱ्यापेक्षा मला हे जास्त लागलं. भारा आपटला तेव्हा निदान तू काय म्हणाली होतीस ते तरी लक्षात होतं त्यांच्या. दहात तीनदा मी चुकणार, हे तू आधीच छातीठोक सांगून ठेवलं होतंस. असं सांगणारं आख्ख्या तालुक्यात दुसरं कोण आहे दाखवा मला. पुढारी सांगतो? डॉक्टर सांगतो? नारळ फिरवून विहिरीचं पाणी दाखवणारा सांगतो? त्यांचं कधी काही चुकतच नाही. तुला त्यांच्या रांगेत नेऊन बसवलं या लोकांनी, आणि वर म्हणतात मान दिला.

डॉक्टरवरून आठवलं. भोरच्या दवाखान्यातला तो पोरगा. छान होता बिचारा, केस एवढे तेल लावून बसवलेले. म्हणाला, "काही काळजी करू नका आजी, होताय तुम्ही बऱ्या." तू विचारलंस, "किती?"

"काय किती?"

"माझ्या वयाच्या, असंच हृदय झालेल्या दहा जणी आल्या तुझ्याकडं, तर किती घरी जातात?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मी पंख्याकडं बघायला लागलो. "आजी, पॉझिटिव्ह राहायचं," म्हणाला आणि सटकला. तू म्हणालीस, "तोंडी परीक्षेत नापास." आणि हसलीस, आणि हसताना धाप लागली. मग बराच वेळ डोळे मिटून पडलीस. मला वाटलं झोप लागली. तर म्हणालीस, "नाम्या, काल मी होते. आज आहे. असल्यावर असणं, हा डबा नेहमी भरलेला असतो बघ. म्हणून लोकांना वाटतं, दुसरा डबा नाहीच."

मी म्हणालो, "गप पड."

तुझ्यासारखी बाई दवाखान्यात काय बोलावं ते पण शिकली नाही. दुसऱ्या बाया भावाला म्हणतात, पोरांकडं बघ, नीट राहा, भांडू नको. तू? कापणीला म्हणून मी एक दिवस घरी आलो, तर संध्याकाळी सिस्टरच्या मोबाईलवरून फोन. "चिंचोका टाकलास का?" मी म्हणालो टाकला. "कुठल्या डब्यात?" पहिल्यात. "बघून टाकलास ना?" अगं बाई, ऊन पडलंय का नाही हे कळायला बघावं लागतं व्हय? तू म्हणालीस, "तुझा भरवसा नाही." तेच आपलं शेवटचं बोलणं. सकाळी मी पहिल्या गाडीनं निघालो आणि कामथडीच्या पुढं असताना दवाखान्यातून फोन आला. दिवस स्वच्छ कोरडा होता, आक्के. तुझ्या डब्याच्या हिशेबानं अगदी नेहमीचा दिवस.

मी रडलो नाही गाडीत. कंडक्टर ओळखीचा होता.

सुतकात शेतात पाय घालता येईना. बाकीच्या पाचांची कापणी एकामागून एक उरकली. उघडीप कशी, तर लख्ख, जशी तू वर जाऊन कुणाला तरी दमात घेतलंस. आपला नंबर गेला शेवटी. तेरावा झाला तेव्हा सगळ्या खाचरांत नुसती धसकटं आणि मधे आपलं एकट्याचं पिवळं भात उभं. इतकं पिकलेलं की बांधावरून धोतर घासलं तरी दाणा गळत होता. वर्षाचं खाणं ते, सुनेच्या बाळंतपणाचा तांदूळ त्यात. आणखी आठवडा थांबलं असतं तर निम्मं जमिनीवर. आणि पोरांच्या रजा संपत आलेल्या, सोमवारपासून हाताला माणूस मिळणार नव्हता. आणि अशात दोन दिवस दुपारनंतर पूर्वेकडं जरा ढगांचा कापूस जमायला लागलेला.

सकाळी सगळे आले. सर्जा पुढं. म्हणाला, "नामदेव, आक्का असत्या तर काय म्हनल्या असत्या?"

मी माळ्यावरून नाही, ओट्यावरूनच डबे पुढं ओढले. तू गेल्यावर ते उचलायला कुणाचा हात झाला नव्हता. सगळे बघत होते आणि मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. म्हातारा माणूस चिंचोके मोजतोय. भात चांगलं वाळलेलंच होतं, कापल्यावर दोन दिवस पुरले असते. शंभरातले दहा काढले. नव्वदातले नऊ काढले. एक्याऐंशी. मी म्हणालो, "दहात आठ." मनात म्हणालो, बघ आक्के, तुझ्या सातापेक्षा माझा आठ मोठा आला.

"म्हंजी टिकतंय," सर्जा म्हणाला.

"टिकतंय असं म्या म्हनलो का? आठ टिकतंय. दोन न्हाई टिकत."

"आरं त्येच की. आठ म्हंजी टिकलंच की."

आक्के, तेव्हा मला कळलं तू घसा कशावर घालवलास. इतकी वर्षं, इतके डबे, एक मोडाचा भारा, एक दहावा, आणि या माणसाच्या डोक्यात एवढंसुद्धा शिरलं नाही. मी त्याला ओट्यावर बसवणार होतो, शंभर चिंचोके मांडायला लावणार होतो. मग म्हटलं मरू दे. कापायचं का नाही ते मला ठरवायचं होतं, त्याला नाही. मी विळा उचलला.

परवा कापलं. परवाचं ऊन झकास पडलं. काल दुपारी जेवायला बसलो आणि घास तोंडात असताना नसरापूरकडून गार वारं आलं.

मी ताट सोडून पळालो. सर्जा त्याच्या घरातून ताडपत्री घेऊन पळत आला, मी बोलवायच्या आधी. दोघं जण जमेल तेवढं गोळा करत होतो, हातात येईल तसं, उलटंसुलटं, आणि पाऊस असा पडत होता की समोरचा राजगड गायब. वरचं एक खाचर निघालं कोरडं. खालची दोन डोळ्यांदेखत भरली. सून पदर खोचून पाण्यातनं पेंढ्या काढत होती, सातवा महिना तिचा, मी ओरडलो तेव्हा बांधावर गेली. शेवटी काही उपाय राहिला नाही तेव्हा मी आणि सर्जा ताडपत्रीखाली जाऊन उकिडवे बसलो, गुडघ्याला गुडघा लावून, आणि समोर माझं भात तरंगत होतं.

सर्जा उसासा टाकून म्हणाला, "आक्का असत्या तर आज ही येळ आली नसती."

मग माझं टाळकं सटकलं. "आली असती!" मी ओरडलो. "आक्का असती तरी आली असती! तुज्या येळंला न्हवती का ती? जिवंत हुती, ओट्यावर बसली हुती, तुला सांगून ऱ्हायली हुती, आन् तरी तुजं भिजलं! तिनं आज दहात आठच सांगितले असते. आमी कापलंच असतं. आन् असंच बुडालं असतं. भाषनं ठोकतोस व्हय रं, शबुद कदी खाली पडला न्हाई म्हनून? ती कवाच म्हनली न्हाई की पडनार न्हाई!"

सर्जानं ताडपत्रीची कड पुढं ओढली. ताडपत्रीवरून पाणी धो धो गळत होतं. मग खाली बघत, मला जेमतेम ऐकू जाईल असं म्हणाला, "व्हय. सातच म्हनल्या हुत्या त्या. म्या आयकलं हुतं."

ऐकलं होतं त्यानं, आक्के. बांधाला पोचला होता तरी तुझी हाक ऐकली होती. मी त्याला दोन ठेवून देणार होतो. पण त्याची दाढी भिजलेली, हात गारठलेले, आणि माझं भात वाचवायला तो मी बोलवायच्या आधी पाण्यात उतरला होता. मी त्याला तंबाखू दिली.

पाऊस उघडल्यावर सगळे आपापल्या घरी गेले आणि मी चिखलाच्या पायानं तडक तुझ्या ओट्यावर आलो. असं काही झालं की मी इथंच यायचो ना. दाराला कुलूप, माझ्याच हातचं. बसलो. पाऊस तू असतीस तरी आलाच असता, हे मी सर्जाला पटवलं, मला काय पटवायचं? तरी बसून तुला शिव्या घातल्या. दवडलंस माझं वर्षाचं भात म्हणून, माणसात कळत नव्हतं तुला काही म्हणून, मी कामथडीच्या पुढं आलेलो, तरी न थांबता असं कुणी जातं का म्हणून. चांगल्या मोठ्यानं घातल्या, आळीतल्या बाया बाहेर आल्या. आणि मग गप्प बसलो आणि वाट बघितली, आक्के. तू उलट बोलली नाहीस.